साखरेच्या डब्यात साखर नव्हती

घरात एकाला डायबिटीस झाला की बाकीचे सगळे डॉक्टर होतात, हा अनुभव तुमच्यापैकी बहुतेकांना असेल. ज्याला रोग झालाय त्याचं मत कुणी विचारत नाही. त्याच्या ताटावर पहारा, कपावर पहारा. कुणाच्या समारंभात तो गोडाच्या टेबलाजवळ नुसता उभा राहिला तरी चार बाजूंनी चार जण खाकरतात. बरं, हे सगळं चालतं प्रेमापोटी. त्यामुळे त्या बिचाऱ्याला धड चिडताही येत नाही.

फ्रेमवाल्यांच्या घरी हा पहारा बायकोकडे होता, आणि बायको होत्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला टिवल्याबावल्या करणारं पोर जागच्या जागी सरळ व्हावं. मुलं पाठीमागे त्यांना शिट्टीबाई म्हणायची. पुढे गल्लीनंही तेच नाव उचललं, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते मनातून आवडायचं. अख्खी शाळा त्यांच्या शिट्टीवर रांगेत उभी राहायची. एक नवरा तेवढा रांगेत येत नव्हता.

नवऱ्याचं दुकान खाली आणि घर वर. फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं, आरसे, जे येईल त्याला फ्रेम करून द्यायची. फ्रेमवाल्यांची कामाची एक रीत होती. चित्राला टेप लावायचा, आकडा बघायचा, वळायचं आणि मागच्या टेबलावर काच कापायची. कागद नाही, पेन्सिल नाही, पुन्हा मोजणं नाही. "लिहून काय ठेवायचं? दोन पावलं चालेपर्यंत आकडा टिकत नसेल तर दुकान कशाला उघडायचं?" असं ते गिऱ्हाइकाला हसत हसत सांगायचे. कोपरे असे जुळायचे की सांधा कुठे आहे ते बोट फिरवून शोधावं लागे. त्या टेबलापाशी उभे असले की माणूस आपल्याच तंद्रीत सुखी असायचा, आणि शिट्टीबाईंना या सुखाचा मनातून थोडा हेवाही वाटायचा.

इन्शुलिन ते कित्येक वर्षं घेत होते, सकाळ-संध्याकाळ, बिनबोभाट. जिभेवर मात्र काडीचा ताबा नव्हता. एकदा बाई सहज दुकानात डोकावल्या तर मोठ्या आरशामागे केकचा अर्धा संपलेला खोका सापडला. फ्रेमवाल्यांनी आधी कानावर हात ठेवले, मग गिऱ्हाइकाचा आहे म्हणाले, आणि मिशीला लागलेलं क्रीम बाईंनी दाखवल्यावर रुमालानं मिशी पुसायला लागले. त्या दिवसापासून गोडाच्या बाबतीत नवऱ्याचा शब्द बाईंच्या लेखी संपला.

बाईंना दोष देण्याआधी त्यांची एक बाजू ऐकून घ्या. त्यांच्या आईचा पाय याच रोगापायी गुडघ्याखाली कापावा लागला होता. त्याआधी कित्येक महिने त्या जखमेचं ड्रेसिंग बाईच करत होत्या. तेव्हापासून साखरेचा दाणा पाहिला तरी त्यांना ती जखम आठवायची. त्या रागावत होत्या खऱ्या, पण मुळात घाबरलेल्या होत्या.

अशात शाळेच्या संगीतशिक्षिकेनं त्यांना एक डबा दाखवला. पांढरीशुभ्र पावडर, साखरेइतकीच गोड, आणि डब्यावर ठळक अक्षरात 'साखर शून्य'. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्याच संध्याकाळी त्यांनी घरातली होती नव्हती ती साखर पिशवीत भरली आणि जास्तीची आहे असं सांगून दुकानाशेजारच्या किल्लीवाल्याला घरी न्यायला देऊन टाकली. साखरेच्या डब्यात ही पावडर ओतली. डबा तोच, जागा तीच, वरची चिठ्ठीही तीच.

"जिभेला मागून कडवट लागतंय गं," फ्रेमवाले पहिल्या चहाला म्हणाले.

"सवय होईल. शाळेत पहिल्या दिवशी सगळ्यांचेच पाय दुखतात."

"मी काय शाळेत आहे का?"

"नाही ना, तिथेच तर चुकलं," बाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

सवय झाली. मग बाईंना जोर चढला. रात्रीचं जेवण त्यांनी निम्म्यावर आणलं. शुगर-फ्री बिस्किटं आली, शुगर-फ्री सरबत आलं. बोटाला सुई टोचून घेतलेलं रीडिंग हळूहळू खाली यायला लागलं. बाईंनी ते शिक्षकांच्या खोलीत निकालासारखं जाहीर केलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना डबा आणून दिला, शेजारणीला दिला, मुख्याध्यापकांना दिला. नवऱ्याचं इन्शुलिन ठरवून देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना तेवढं सांगायचं राहिलं. चांगल्या बातमीसाठी कुणी डॉक्टरांकडे जातं का, असा त्यांचा हिशेब.

आणि मग एप्रन धुताना त्यांना ती डबी सापडली.

फ्रेमवाल्यांच्या एप्रनच्या खिशात एक चपटी डबी असायची. बाईंनी आजवर ती उघडली नव्हती. त्यांना वाटायचं, खिळे असतील. उघडली तर आत केशरी कागदातल्या संत्र्याच्या गोळ्या.

"हे काय?"

"गोळ्या."

"ते मला दिसतंय. कुणासाठी?"

"माझ्यासाठीच. अगं, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. हात थरथरले, घाम फुटला, तर लगेच तोंडात टाकायच्या. शुगर एकदम उतरली की—"

"आणि आरशामागचा केक? तोही डॉक्टरीणबाईंनीच सांगितला होता?"

एकदा खोटं पकडलं गेलेल्या माणसाचं खरंही किती लंगडं होतं ते अशा वेळी कळतं. फ्रेमवाले म्हणाले, "तुला पटत नसेल तर त्यांना विचार," आणि जिना उतरून दुकानात गेले.

बाईंनी विचारलं नाही. वाद नको म्हणून त्यांनी दुसराच मार्ग काढला. औषधांच्या दुकानात अगदी तशाच संत्र्याच्या गोळ्या मिळत होत्या, कागदही केशरीच, फक्त शुगर-फ्री. त्या आणून त्यांनी डबीत भरल्या आणि जुन्या फेकून दिल्या. नवऱ्याला एका अक्षरानं सांगितलं नाही. उलट, "डबी मी भरत जाईन हं आता, तुमच्या लक्षात राहत नाही," असं प्रेमानं म्हणाल्या. फ्रेमवाल्यांना ते आवडलं. बायको अखेर नरमली असं त्यांना वाटलं.

वाचकहो, नवऱ्याला शेंडी लावणारी बाई, असं म्हणून आपण इथे मोकळे होऊ शकतो. पण आपल्यापैकी किती जणांनी आपल्या माणसाच्या भल्यासाठी त्याच्या पाठीमागे काही ना काही बदललेलं नाही? आईच्या झोपेच्या गोळ्या मोजून लपवल्या नाहीत, सासऱ्यांच्या भाजीत मीठ गुपचूप कमी केलं नाही? आपण त्याला काळजी म्हणतो आणि छान झोपी जातो.

पुढचे काही आठवडे फ्रेमवाल्यांचं पोट सारखं बिघडायला लागलं. कधी गॅस, कधी जुलाब. त्यांनी कालच्या भाजीला दोष दिला, परवाच्या पाण्याला दिला. दुपारी जेवायला वर यायला उशीर झाला की ते चिडचिडे व्हायचे, हात थरथरायचे, जेवले की ठीक. किल्लीवाल्याला एकदा ते म्हणाले होते, "हल्ली या गोळ्या पूर्वीसारख्या लागू पडत नाहीत रे. एकीच्या जागी चार खाव्या लागतात." हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा केकचा विषय निघाला असता.

मग सुटीचा दिवस उजाडला. फ्रेमवाल्यांकडे एका सभागृहाच्या चित्रांचं मोठं काम होतं. "आज जेवायला उशीर होईल," म्हणून ते सकाळीच खाली गेले. इन्शुलिन नेहमीप्रमाणे घेतलं होतं. बाई कपडे धुऊन गच्चीवर वाळत घालायला गेल्या, तिथे वरच्या वहिनी भेटल्या, आणि बोलण्यात वेळ कसा गेला ते कळलं नाही.

रिकामी बादली घेऊन त्या खाली आल्या तर घराचं दार सताड उघडं. स्वयंपाकघरात साखरेचा डबा ओट्यावर, झाकण जमिनीवर, पावडर सांडलेली. चोर शिरला म्हणावं तर साखरच कशाला घेईल? तेवढ्यात खालून किल्लीवाल्याची हाक आली आणि बाई बादली टाकून जिना उतरल्या.

फ्रेमवाले दुकानातल्या स्टुलावर बसले होते, पाठ भिंतीला, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. डोळे उघडे होते, पण ते बाईंकडे बघत नव्हते. पायाशी केशरी कागदांचा सडा पडला होता. किल्लीवाला एका हातानं त्यांचा खांदा धरून दुसऱ्या हातानं ग्लास ओठांना लावत होता.

"घाबरू नका बाई," तो म्हणाला. "शुगर उतरलीय. काही झालं तर साखर दे असं त्यांनी मला मागेच सांगून ठेवलेलं. डबीतल्या गोळ्या सगळ्या खाल्ल्या त्यांनी. तरी शुगर चढेना म्हणून मी वरून साखर आणली, तुमच्याच डब्यातली, चांगली भरभरून घातलीय. दुसरा ग्लास आहे हा. आत्ता होतील बघा तरतरीत."

तो ग्लास धरून वाट पाहत होता. आणि ती वाट पाहण्यात काही अर्थ नाही हे त्या दुकानात एकट्या बाईंना कळत होतं.

"ती साखर नाही!"

"अं?"

"ती साखर नाही रे! तू अँब्युलन्सला फोन कर, आधी फोन कर!"

त्या पुन्हा जिना चढल्या, वरच्या मजल्यावर वहिनींच्या दाराशी. "साखर द्या, वहिनी, साखर!" वहिनी धावत आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. बाईंनी झाकण उघडून वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली, आणि मागून तो ओळखीचा कडवटपणा आला.

"अहो, तुम्हीच दिलीत ना," वहिनी गोंधळून म्हणाल्या. "आम्ही पण सोडली साखर. तुम्हीच तर म्हणालात."

शेजारणीकडे तीच पावडर. पलीकडचं घर कुलूपबंद. ज्या जिन्यात बाईंनी दारोदार फिरून आरोग्य वाटलं होतं, त्या जिन्यात त्यांच्या नवऱ्याला द्यायला साखरेचा दाणा नव्हता. त्या अनवाणीच रस्त्यावर धावल्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांना गल्ल्यावरच्या माणसाशी धड बोलताही येईना. त्यांनी सरळ टेबलावरचं साखरेचं भांडं ओंजळीत उपडं केलं आणि मागे फिरल्या.

पोचल्या तेव्हा फ्रेमवाले स्टुलावरून घसरून जमिनीवर पडले होते. दात घट्ट मिटलेले. बाई गुडघ्यांवर बसून त्यांच्या ओठांत साखर कोंबायला लागल्या. अँब्युलन्स यायला उशीर झाला, पुढचा रस्ता खणून ठेवला होता. आतून उतरलेल्या नर्सनं पहिल्यांदा बाईंचा हात धरून बाजूला केला.

"बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, बाई. श्वासात जाईल. शुद्धीत असतानाच द्यायची असते साखर."

"तेव्हा नव्हती हो," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोटांतून साखर खाली गळत होती आणि नर्स शिरेत सुई लावत होती.

फ्रेमवाले वाचले. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. पण वाचले म्हणजे होते तसे परत आले, असं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई आल्या. वयानं बाईंपेक्षा लहान, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी कालच्या दिवसाचं सगळं विचारून घेतलं, आणि बाईंनी काही लपवलं नाही. पावडर, निम्मं जेवण, डबीतल्या गोळ्या, सगळं सांगितलं. सांगताना आवाज असा खाली गेला की डॉक्टरीणबाईंना खुर्ची जवळ ओढावी लागली.

"पोटाची तक्रार होती का मधे?"

"होती. भाजीनं असेल असं वाटलं."

"त्या गोळ्यांनी असणार. साखरेऐवजी त्यात जे घालतात, त्यातल्या काही गोष्टी जास्त खाल्ल्या की पोट बिघडतं. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. आणि ते जास्त का खात होते? कारण त्यांची शुगर उतरत होती आणि एका गोळीनं काही होत नव्हतं. कालचा प्रकार पहिला नाही, बाई. असं बऱ्याचदा होऊन गेलंय, दर वेळी जेवण वेळेवर मिळालं म्हणून निभावलं."

"पण रीडिंग किती छान येत होतं—"

"छान नव्हतं ते. खाली खाली चाललं होतं. मी इन्शुलिन ठरवलं ते जेवढं खात होते त्यावरून. तुम्ही खाणं काढून घेतलंत आणि इन्शुलिन तेवढंच ठेवलंत. मला एक फोन केला असता तर मी डोस कमी केला असता."

बाई एकदम म्हणाल्या, "म्हणजे ही पावडर विषच म्हणायची."

"नाही. असं म्हणून सुटका करून घेऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ठरलेल्या प्रमाणात ती वापरायला परवानगी आहे. माझे काही पेशंट समजून-उमजून वापरतात. कॅन्सरचं काय असं लोक विचारतात, तर त्याचा अभ्यास अजून चालू आहे, ठाम काही माझ्याकडे नाही. काही थोड्या लोकांना जन्मतःच असा आजार असतो की अशा पावडरींमधला एक प्रकार त्यांना अजिबात चालत नाही. वजन कमी करायला यांच्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलंय. हे सगळं खरं. पण तुमच्या घरात घडलं ते याच्याहून साधं आहे. जीभ फसते, रक्त फसत नाही. त्याच कारणासाठी तर तुम्ही ती आणलीत ना? रक्तात साखर वाढू नये म्हणून? मग ज्या क्षणी साखर वाढायलाच हवी, त्या क्षणी ती काय कामाची?"

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

"तुम्ही त्यांचं वाईट चिंतलं नाहीत, हे मला दिसतंय," डॉक्टरीणबाई जरा हळू आवाजात म्हणाल्या. "पण ती गोळी त्यांचा खाऊ नव्हता. औषध होतं. तुम्ही एका माणसाचं औषध त्याला न सांगता बदललंत."

फ्रेमवाले पूर्ण शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी पहिली तक्रार स्वतःविरुद्ध केली. "एवढ्या गोळ्या खाल्ल्या गं मी. एकही लागू पडली नाही. शरीरच दगा देतंय आता."

बाईंना गप्प बसता आलं असतं. त्या म्हणाल्या, "शरीरानं नाही दिला. मी बदलल्या होत्या गोळ्या. त्यात साखर नव्हती. मला वाटलं, तुम्ही केकसारखंच खोटं सांगताय."

"चव वेगळी लागायची," फ्रेमवाले म्हणाले. "मनात आलं होतं विचारावं. पण म्हटलं, डबी ती भरते. तिनं भरलीय म्हणजे बरोबरच असेल."

रागावले असते तर बाईंना सोसलं असतं. शाळेत रोज कुणी ना कुणी त्यांच्यावर रागावतंच. हे मात्र त्यांना सोसलं नाही. त्या कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर काही दिवसांनी फ्रेमवाल्यांनी दुकान उघडलं. चालणं, बोलणं, हसणं सगळं जागेवर दिसत होतं. किल्लीवाल्याचा जीव भांड्यात पडला. पहिलं काम एका लहान मुलाच्या फोटोचं होतं. त्यांनी टेप लावला, आकडा पाहिला, मागच्या टेबलाकडे वळले, हातात काच कापायचं हत्यार घेतलं आणि तसेच उभे राहिले. मग परत आले. पुन्हा मोजलं. पुन्हा वळले. बाई दारातून बघत होत्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी अंदाजानं काच कापली, आणि ती बोटभर तोकडी निघाली.

त्यांनी हत्यार टेबलावर हळूच ठेवलं. "आकडा राहत नाही गं," ते म्हणाले. "वळलो की जातो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूला बराच वेळ साखर मिळाली नाही की असं होऊ शकतं. काही परत येईल, काही कदाचित येणार नाही. बाईंनी टेबलावर पाटी आणून ठेवली, आकडा लिहा म्हणाल्या. फ्रेमवाल्यांनी दोन दिवस लिहिला, मग पाटी भिंतीकडे वळवून ठेवली. गिऱ्हाइकासमोर त्यांना ते होईना. तेव्हापासून शाळा सुटली की बाई दुकानात येतात. ते मोजतात आणि आकडा तोंडानं सांगतात. बाई तो धरून ठेवतात आणि ते टेबलाशी पोचले की परत सांगतात. काम होतं. सभागृहाची ती चित्रं मात्र दुसरीकडे गेली, आणि दुपारभर, बाई येईपर्यंत, फ्रेमवाले फक्त फ्रेमच्या लाकडी पट्ट्या पुसत बसतात. त्या तंद्रीतलं सुख गेलं ते गेलंच. बाई रोज ते बघतात.

शाळेतल्यांना यातलं फारसं माहीत नव्हतं. त्यामुळे पालकसभेत मुख्याध्यापकांनी उत्साहानं जाहीर केलं की यापुढे कँटीनमध्ये सगळी सरबतं, सगळी बिस्किटं शुगर-फ्री असतील, आणि या मोहिमेच्या मूळ प्रेरणा म्हणजे आपल्या खेळाच्या बाई. टाळ्या पडल्या. बाई उठल्या. गळ्यातली शिट्टी त्यांनी काढून टेबलावर ठेवली, आणि घडलं ते सगळं सांगितलं. डबीसकट, वहिनींच्या दारासकट.

संगीतशिक्षिका कळवळून म्हणाल्या, "मग काय, मुलांना साखर द्यायची का पुन्हा?"

"नाही," बाई म्हणाल्या. "साखर कमीच करायची. पण कमी करायची म्हणजे कमी गोड खायला शिकायचं. मी काय केलं? घरातलं गोड तेवढंच ठेवलं, उलट वाढवलं, कारण डब्यावर शून्य लिहिलं होतं. मी स्वतः त्या बिस्किटांचे पुडेच्या पुडे संपवले आणि वजन वाढलं तेव्हा वजनकाट्याला नावं ठेवली. मुलाला तहान लागली तर पाणी द्या. भूक लागली तर फळ द्या. चहाला एक चमचा लागत असेल तर अर्ध्यावर या, आठ दिवस तोंड वाकडं होईल, मग होणार नाही. आणि ज्यांच्या घरी कुणी इन्शुलिन घेतं, त्यांनी आज घरी जाऊन बघा, खरी साखर कुठे ठेवलीय ते. ती घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी, शेजाऱ्यालाही. माझ्या शेजाऱ्याला माहीत होतं. त्यानं काही चूक केली नाही. माझ्याच डब्यात साखर नव्हती."

कँटीनचा बेत त्या दिवशी बारगळला. त्याचं बाईंना समाधान वाटलं असेल असं समजू नका. त्या घरी आल्या, डब्यात आता खरी साखर होती, तिच्यातली अर्धा चमचा स्वतःच्या कपात घातली, नवऱ्याचा चहा बिनसाखरेचा केला आणि दोन्ही कप घेऊन खाली गेल्या.

हल्ली फ्रेमवाले कप हातात घेतला की विचारतात, "यात काय घातलंयस?" टोमणा म्हणून नाही. आधी विचारलं होतं हे त्यांच्या ध्यानात राहत नाही, म्हणून ते दर वेळी विचारतात, आणि दर वेळी बाई सगळं नीट सांगतात.

त्या दिवशी दुकानात एक जुनं गिऱ्हाईक बसलं होतं. त्याला हसू आलं. "काय हो काका, बायकोवर विश्वास नाही वाटतं?"

"आहे की," फ्रेमवाले साधेपणानं म्हणाले. "म्हणून तर तेव्हा विचारलं नव्हतं."

बाईंनी आपला कप टेबलावर ठेवला आणि त्या म्हणाल्या, "चहा आहे, दूध आहे, पाणी आहे. साखर नाही, आणि साखरेच्या ऐवजीही काही नाही."

"बरं," असं म्हणून ते चहा प्यायले.

मंडळी, आपल्या माणसानं आपल्याला विचारायचं बंद केलेलं असतं, कारण त्याचा आपल्यावर भरवसा असतो. म्हणूनच त्याच्या ताटात, कपात आणि औषधाच्या डबीत आपण काय घालतो, ते त्यानं न विचारता सांगायला हवं. डब्यावरचं शून्य वाचून भुलू नका, मागची बारीक अक्षरं वाचा, डॉक्टरांना विचारा, आणि काही बदलायचं असेल तर ज्याच्यासाठी बदलताय त्याच्या तोंडावर बदला. भांडण होईल. शिट्टीबाई आज म्हणतात, ते भांडण त्यांनी करायला हवं होतं.